शेणकिड्यांची जोडी: संसार की पहारा?

बांधावरचे नाना (यावल): पहिला पाऊस पडला आणि शेणाचा पो उचलून खाली उकरलं. वीतभर बोगदा, तळाशी नर-मादी दोघं आणि चार गोळे. एका गोळ्यात एक अंडं. माझं मत असं, की पाऊस उघडला की आपल्याकडच्या उन्हात शेण चटकन वाळतं. बोगदा खणा, शेण ओढा, गोळे थापा, चोरांना हाकला, हे सगळं एकटीने वेळेत होत नाही. ही निकड नसती तर बाप थांबलाच नसता.

चोपडेकर: नाना, थांबला म्हणजे पोरांसाठीच थांबला, असं कसं? ऑन्थोफॅगस टॉरस या शेणकिड्यात मोठ्या शिंगांचा नर बोगदा अडवून बसतो आणि बारके बिनशिंगी नर बाजूने चोरबोगदा काढून मादीपर्यंत जातात. २००२ साली छापलेल्या प्रयोगात चोरट्यांची संख्या वाढवली, तर राखणदारांनी मदत कमी केली. पोरं आपली असण्याची खात्री घटली की हात आखडता! त्याचं मूळ काम पहाराच.

नाना: पण भाऊ, खात्री असली की शेण ओढतोच ना? त्याच किड्यात जोडीने केलेले गोळे एकट्या मादीच्या गोळ्यांपेक्षा जड भरतात. गोळा जड तर अळीला खाणं जास्त, किडा मोठा. सुरुवात पहाऱ्यातून झाली असेल, मानतो. टिकलं ते या वजनामुळे.

शाळेतली ताई (धुळे): थंड देशांतले मढं पुरणारे किडे घ्या. मेलेला उंदीर पुरून, केस काढून दोघंही अळ्यांना तोंडाने भरवतात. तिथे एकटी मादीही पिल्लं वाढवू शकते. मग नर कशाला? परका किडा घुसला तर तो अळ्या मारून मढं बळकावतो. दोघं असले की ते अवघड जातं. आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे: २०१६ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना दिसलं, की पिल्लं भरवताना मादी एक वास सोडते, त्याने नराची समागमाची ओढ थंडावते.

चोपडेकर: ताई, हा तर तहच झाला. उत्क्रांतीचा अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्सने १९७२ मध्ये मांडलं तेच: पोरांवर किती खर्च करायचा यात आई-बापांचे हिशेब वेगळे.

नाना: पुढच्या पावसात काही बोगद्यांतले नर काढून घेतो. मग दोन्हीकडचे गोळे सोनाराच्या काट्यावर तोलू.

चोपडेकर: काढलेल्या नरांची शिंगंही मोजा, नाना.