ग्रँडमास्टरला संगणकापेक्षा खरोखरच दूरचे दिसते का?

विश्रामबागकर:
नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा पाहत सांगलीत जे खेळायला शिकले, त्या माझ्या पिढीची एक पक्की समजूत होती की, यंत्र हिशेब करते आणि योजना माणूस आखतो. माझा आठवीतला नातू मात्र डाव संपताच तो फोनवरील स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमला दाखवतो आणि कोणाची बाजू किती वरचढ हे सांगणारा केवळ दशांशातला आकडा पाहून माझी जपून आखलेली योजना चुकीची ठरवतो. दूरदृष्टीच्या बाबतीत ग्रँडमास्टरचे काही वेगळेपण आज उरले आहे का?

मिरजकर:
गोंधळ ‘दूर’ या शब्दापाशीच आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४६ साली दाखवले की, श्रेष्ठ खेळाडू साध्या क्लबच्या खेळाडूपेक्षा फारशा जास्त चाली पुढे मोजत नाहीत. मोजण्याजोगी चाल कोणती, हे मात्र त्यांना चटकन दिसते. १९९८ च्या लिनारेस स्पर्धेतील टोपालोव्ह–शिरोव्ह हा डाव नातवासमोर पटावर मांडून पाहावा. त्यात काळ्याचा, म्हणजे शिरोव्हचा, उंट एफ-५ या घरात होता आणि त्याच्याच राजाची वाट अडवून बसला होता. शिरोव्हने तो उंट ४७ व्या चालीला एच-३ वर नेऊन फुकट देऊ केला, कारण पांढऱ्या प्याद्याने तो मारेपर्यंत काळ्या राजाला ई-४ कडे धावायला नेमकी हवी असलेली एक चाल मिळत होती. राजा हे सर्वांत संथ मोहरे. त्याचा प्रवास आणि नंतर प्याद्यांची दौड पूर्ण होईपर्यंत पटावर एक उंट कमीच दिसत राहतो, म्हणून त्या काळच्या प्रोग्रॅमना ही चाल सुचत नसे. शिरोव्हने शेवटपर्यंतची प्रत्येक फांदी, म्हणजे चालींची प्रत्येक शक्यता, मोजली असेल असे मला वाटत नाही. राजाला कुठे पोहोचायचे आहे हे आधी ठरवून त्याने मागे वळून वाट शोधली असावी.

इस्लामपूरकर:
मिरजकरांचे उदाहरण सुंदर आहे, पण ते जुन्या यंत्रांना लागू पडते. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमने सुमारे ८० हजारच तपासून, सेकंदाला कोट्यवधी स्थिती तपासणाऱ्या स्टॉकफिशला १०० डावांत एकदाही न हरता २८ वेळा नमवले. स्वतःशीच खेळून तो जे शिकला, त्याला समज म्हणायचे नसेल तर माणसाच्या समजेलाही दुसरा शब्द शोधावा लागेल. २०२० पासून स्टॉकफिशमध्येही न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी रचना, आले आहे. गंमत अशी की, माणसाची योजना यंत्रात उतरवण्यासाठी माजी जगज्जेते आणि पेशाने विद्युत अभियंता असलेले बोट्विनिक ‘पायोनियर’ प्रोग्रॅमवर कित्येक वर्षे झटले, पण त्या वाटेने यश आले नाही.

मिरजकर:
मान्य आहे, पण तटबंदीचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आत शिरताच येणार नाही अशा मांडणीचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश गणिती-भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांनी मांडलेल्या स्थितीत काळ्याकडे तीन उंटांसह भरपूर मोहरी आहेत, तरी पांढऱ्याने राजा नुसता इकडेतिकडे हलवत ठेवला की डाव बरोबरीत सुटतो. तेव्हाचे प्रोग्रॅम काळा जिंकतो असे सांगत राहिले. कोणताही बरा खेळाडू मोजणी न करताच ओळखतो की, इथे आत शिरायला वाटच नाही.

विश्रामबागकर:
दोघांचेही आभार. २०२४ मध्ये जगज्जेता झालेल्या गुकेशच्या प्रशिक्षकांनी त्याला २५०० मानांकनापर्यंत (रेटिंग) इंजिनापासून, म्हणजे अशा प्रोग्रॅमपासून, दूर ठेवले होते, हे वाचल्यापासून मी घरी नियम केला आहे: डाव संपल्यावर आधी आपल्या योजनेचे कारण वहीत लिहायचे, मग फोन उघडायचा. पहिल्या दिवशी नातवाने ‘असेच वाटले’ एवढेच लिहिले. माझ्या पानावर दीड परिच्छेद होता, आणि त्यातली चौथी चाल नियमातच बसत नव्हती, हे त्याने फोन न उघडताच दाखवून दिले.