मदत हवी आहे : सहाशे मॉड, चार प्रोफाइल आणि सामायिक फोल्डर मात्र एकच

नमस्कार.

स्कायरिम या गेमच्या स्पेशल एडिशनसाठी मी गेली चार वर्षे मॉड ऑर्गनायझर २ हा प्रोग्रॅम वापरते आहे; मॉड म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेली भर, आणि ती सांभाळणे हे त्याचे काम. आजमितीस त्यात ६१२ मॉड आणि चार प्रोफाइल आहेत. दिवाळीत माझ्याच हातून झालेल्या एका चुकीनंतर ही सगळी मांडणी नव्याने करायचे मी ठरवले आहे, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नसल्यामुळे हा धागा काढते आहे.

आधी परिस्थिती सांगते. गिरगावातल्या आमच्या घरी हा गेम नीट चालेल असा संगणक एकच आहे. त्यावर माझे स्वतःचे प्रोफाइल ‘रोजचा’ या नावाचे आहे, नाशिकला शिकणाऱ्या आणि सुट्टीत घरी येणाऱ्या भावाचे ‘धाकटा’, जड टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) लावून केवळ निसर्गचित्रे टिपण्यासाठी ‘चित्रे’, आणि नवा मॉड आधी तपासून पाहण्यासाठी ‘चाचणी’. प्रत्येक प्रोफाइलला स्वतंत्र सेव्ह (जतन केलेला खेळ) आणि स्वतंत्र आयएनआय (गेमच्या सेटिंगची) फाइल ठेवण्याचे पर्याय मी पहिल्या दिवसापासून चालू ठेवले आहेत, त्यामुळे सेव्हची सरमिसळ कधी झाली नाही. तेवढे शहाणपण वेळेवर सुचले होते.

चूक झाली ती जागेवरून. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या १ टीबीच्या एसएसडीवर जेमतेम ४० जीबी उरले होते, म्हणून ‘रोजचा’ मध्ये वर्षभर टिक नसलेले ३७ मॉड मी एका झटक्यात निवडले आणि काढून टाकले. प्रोफाइल म्हणजे प्रत्येकाचे वेगळे कपाट, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मॉडचे फोल्डर सर्वांचे मिळून एकच असते आणि प्रोफाइलकडे असते ती फक्त यादी : कोणत्या मॉडला टिक आहे आणि त्यांचा क्रम काय. आमच्या घरच्या माळ्यावर आजोबांपासून सर्वांचे सामान आहे आणि आईला विचारल्याशिवाय तिथली एक पिशवीही कोणी खाली काढत नाही. हीच रीत मला संगणकावर आठवायला हवी होती.

त्या ३७ पैकी ११ मॉड ‘धाकटा’ मध्ये वापरात होते. भाऊ लक्ष्मीपूजनाच्या रात्री खेळायला बसला, तेव्हा या सेव्हला लागणाऱ्या काही गोष्टी आता उपलब्ध नाहीत अशी सूचना गेमने दिली. सवयीने त्याने ‘होय’ म्हटले. त्याचा शेवटचा सेव्ह नेमका एका मॉडने दिलेल्या घराच्या आत होता, आणि ते घरच अस्तित्वात नसल्यामुळे गेम तत्क्षणी बंद पडला. “ताई, माझं घर कुठे गेलं?” एवढेच तो म्हणाला. त्या घरातल्या पेटाऱ्यात त्याची दोन वर्षांची जमवाजमव होती. सुदैवाने नवा सेव्ह तयार होण्याआधीच गेम बंद पडल्यामुळे जुना सेव्ह शाबूत राहिला, परंतु डाउनलोडचे फोल्डरही मी त्याच आवेशात साफ केलेले असल्याने अकरा मॉड पुन्हा शोधून उतरवण्यात दोन रात्री गेल्या. नऊ जसेच्या तसे बसले. उरलेल्या दोघांच्या इन्स्टॉलरमध्ये पूर्वी कोणते पर्याय निवडले होते, हे ना मला आठवत होते ना त्याला.

आता माझे प्रश्न. कोणता मॉड कोणकोणत्या प्रोफाइलमध्ये वापरात आहे, हे एकत्र पाहण्याची काही सोय आहे का? मला तरी समोर उघडलेल्या प्रोफाइलच्याच टिका दिसतात. दुसरे असे की, ‘चाचणी’ मध्ये तीस मॉड बसवले की तेच तीस मॉड उरलेल्या तिन्ही प्रोफाइलमध्ये टिकेविना यादीच्या अगदी तळाशी येऊन पडतात आणि मी काळजीपूर्वक लावलेल्या चौदा सेपरेटरांना (यादीचे गट पाडणाऱ्या शीर्षकांना) काही अर्थ राहत नाही. सेपरेटर सर्व प्रोफाइलमध्ये दिसतात, पण त्यांची जागा मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी लावावी लागते. मॉडच्या नावाआधी ‘धा’ किंवा ‘चि’ अशी अक्षरे जोडूनही पाहिली, परंतु तीन प्रोफाइलमध्ये लागणाऱ्या मॉडचे नाव काय ठेवायचे या प्रश्नावर ती पद्धत आठवड्यात मोडली. शिवाय डिनडॉलॉड (दूरची झाडे-इमारती दाखवण्याचे साधन) आणि नेमेसिस (पात्रांच्या हालचालींचे साधन) यांनी तयार केलेल्या फाइली चार प्रोफाइलसाठी कशा वेगळ्या ठेवाव्यात, हेही सांगावे.

“इतके मॉड हवेतच कशाला?” हा प्रश्न घरात रोज विचारला जातो, तेव्हा तो कृपया इथे नको.

—

प्रतिसाद : रात्रपाळी

आपली चूक नव्वद टक्के लोकांनी कधी ना कधी केलेली असते. मी ती दोनदा केली आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रोग्रॅममध्येच दडलेले आहे. डावीकडच्या यादीच्या वर जो पर्यायांचा मेनू असतो, त्यात यादी सीएसव्ही स्वरूपात निर्यात करण्याची सोय आहे आणि केवळ चालू मॉड निवडण्याची मुभाही आहे. चारही प्रोफाइल एकेक करून उघडावे, प्रत्येकाची चालू मॉडची यादी निर्यात करावी आणि ती चार पाने एकाच स्प्रेडशीटमध्ये आणावीत. पहिल्या रकान्यात सर्व मॉडची नावे आणि पुढच्या चार रकान्यांत त्या त्या यादीत नाव सापडते की नाही, एवढे एक साधे सूत्र लावले की ज्या ओळीची बेरीज शून्य येते तोच मॉड काढण्याच्या लायकीचा. बेरीज एक असली तरी हात लावू नये. निर्यातीत मॉडची आवृत्ती, नेक्सस या मॉडच्या संकेतस्थळावरचा क्रमांक आणि मूळ डाउनलोड फाइलचे नावही घेता येते, त्यामुळे हेच पान पुढे आपली नोंदवही म्हणून चालते.

तळाशी पडणाऱ्या मॉडबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. चार प्रोफाइलना चार क्रम हवेत, हे गृहीतच चुकीचे आहे. ज्या मॉडला टिक नाही तो फाइलींच्या संघर्षात (एकच फाइल दोन मॉड देत असतील तर कोणाची चालावी, यात) भाग घेत नाही, म्हणून सर्व ६१२ मॉडचा एकच विचारपूर्वक लावलेला क्रम चारही ठिकाणी चालू शकतो. फरक राहतो तो फक्त टिकांचा. त्यासाठी ‘आधार’ नावाचे पाचवे प्रोफाइल करावे, त्यात कधीही खेळू नये, आणि नवा मॉड आला की त्याची जागा तिथेच ठरवावी. मग प्रोग्रॅम बंद करून ‘आधार’च्या फोल्डरातली मॉडलिस्ट ही टेक्स्ट फाइल उघडावी. मॉडच्या प्रत्येक ओळीत अधिक किंवा उणे चिन्ह आणि त्यापुढे मॉडचे नाव असते : अधिक म्हणजे चालू, उणे म्हणजे बंद. ओळींचा क्रम ‘आधार’चा ठेवून चिन्हे तेवढी ‘धाकटा’च्या जुन्या फाइलीवरून घेतली, की नव्या क्रमाची यादी तयार होते. स्प्रेडशीटमध्ये हे पाच मिनिटांचे काम आहे. या फाइलीत सर्वांत वरची ओळ सर्वाधिक प्राधान्याची असते, म्हणजे पडद्यावर दिसतो त्याच्या नेमका उलटा क्रम. पहिल्यांदा पाहणारा हमखास दचकतो आणि सगळे ‘सरळ’ करायला जातो. तसे करू नये. आधी यादीच्या वरच्या बॅकअपच्या बटणाने प्रत आवर्जून काढून ठेवावी.

सेपरेटरही मॉडच्याच फोल्डरात रिकाम्या फोल्डरांच्या रूपाने राहतात, त्यामुळे वरच्या पद्धतीत त्यांच्या जागा आपोआप जुळतात.

—

प्रतिसाद : जुना सेव्ह

रात्रपाळी यांनी मांडणीचे उत्तम सांगितले आहे, पण धागाकर्तीने एक धोका विचारलाच नाही आणि माझ्या मते तोच मोठा आहे. मॉड काढला तर निदान गेम ओरडून सांगतो. मॉड बदलला तर कोणी काही सांगत नाही.

फोल्डर सामायिक असल्यामुळे एका प्रोफाइलमध्ये मॉड अद्ययावत केला की तो चौघांसाठी अद्ययावत होतो. संघर्ष मिटवण्यासाठी एखादी फाइल लपवली, तर प्रत्यक्षात त्या फाइलीचे नाव बदलले जाते आणि ती सर्वत्र लपते. इन्स्टॉलर पुन्हा चालवून वेगळा पर्याय निवडला तरी तेच. सर्वांत फसवा प्रकार हलक्या प्लगइनचा (प्लगइन म्हणजे मॉडमधली नव्या वस्तू, माणसे, जागा गेमला देणारी फाइल). स्पेशल एडिशनमध्ये पूर्ण प्लगइन २५४ आणि हलके ४०९६ अशी मर्यादा असल्याने मोठी यादी बाळगणारा प्रत्येक जण कधी ना कधी साध्या ईएसपीला (पूर्ण प्लगइनला) ईएसएलची (हलक्या प्लगइनची) खूण लावतो. मात्र त्यासाठी प्लगइनमधल्या नोंदींचे क्रमांक नव्याने बसवावे लागले, तर चालू सेव्हमध्ये जुनेच क्रमांक लिहिलेले असतात आणि त्या वस्तू, ती माणसे सेव्हमधून गळून पडतात. आपण ‘रोजचा’ची सोय पाहून हे केले आणि ‘धाकटा’ सुट्टीत आला, की पुन्हा तोच प्रश्न : ताई, माझं घर कुठे गेलं?

म्हणून ज्याच्यात बदल करायचा आहे त्या मॉडची वेगळ्या नावाने दुसरी प्रत बसवावी आणि बदल त्या प्रतीत करावा. टेक्स्चर नसलेल्या छोट्या मॉडना यात जागा नगण्य लागते.

भावाचा खेळ दोन वर्षे चालू असेल, तर मी त्याचे प्रोफाइल मुळी इथे ठेवणारच नाही. मॉड ऑर्गनायझरची स्वतंत्र पोर्टेबल (आपल्याच फोल्डरात राहणारी) प्रत करावी, त्यात फक्त त्याचे मॉड न्यावेत आणि खेळ संपेपर्यंत त्यात काहीही अद्ययावत करू नये. दोन्ही प्रतींना डाउनलोडचे फोल्डर एकच दाखवता येते. गेमच्या फोल्डरचीही वेगळी नक्कल करून ती त्या प्रतीला जोडावी. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी ॲनिव्हर्सरी एडिशनसोबत गेमची मूळ एक्झिक्युटेबल फाइल बदलली, तेव्हा एसकेएसईवर (मॉडना जादा क्षमता देणाऱ्या साधनावर) अवलंबून असलेले असंख्य मॉड एका दिवसात निकामी झाले आणि कित्येकांनी १.५.९७ ही आवृत्ती मुद्दाम धरून ठेवली. नक्कल केलेल्या फोल्डरला स्टीमचे अपडेट पोहोचत नाही.

—

प्रतिसाद : पत्रा आणि पाऊस

व्हॉर्टेक्स या मॉड सांभाळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळावे असे कोणी सुचवण्याआधीच सांगतो की तिथेही मॉडचे स्टेजिंग फोल्डर (मॉड साठवण्याची जागा) प्रोफाइलांमध्ये सामायिकच असते, तेव्हा या दुखण्यावर तो उपाय नाही.

तयार होणाऱ्या फाइलींविषयी : ‘डिनडॉलॉड – धाकटा’, ‘डिनडॉलॉड – चित्रे’ अशा नावांचे रिकामे मॉड करावेत आणि प्रत्येकाला त्याच्याच प्रोफाइलमध्ये टिक द्यावी. मॉड ऑर्गनायझरमधल्या त्या साधनाच्या सेटिंगमध्ये फाइली ओव्हरराइट या सरसकट फोल्डरऐवजी ठरावीक मॉडमध्ये पाठवण्याचा पर्याय आहे; साधन चालवण्याआधी तिथे योग्य प्रोफाइलचे नाव आहे ना, हे दर वेळी पाहावे. ओव्हरराइट हेदेखील सर्व प्रोफाइलांचे एकच असते आणि त्यातल्या फाइली सर्वांवर मात करतात. म्हणून प्रोफाइल बदलण्याआधी ते रिकामे करणे ही सवय लावून घ्यावी, नाहीतर ‘चित्रे’साठी बनवलेली झाडे ‘रोजचा’ मध्ये दूरवर तरंगताना दिसतील.

—

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार यातच गेला.

स्प्रेडशीट केली. व्यवसायाने हिशेबनीस असूनही हे आधी सुचले नाही, याची थोडी लाज वाटते. ६१२ पैकी २०३ मॉड चारही प्रोफाइलमध्ये चालू आहेत आणि ७४ कुठेच नाहीत. ते ७४ लगेच न पुसता त्यांच्या मूळ डाउनलोड फाइली आणि सोबतच्या छोट्या मेटा फाइली जुन्या हार्ड डिस्कवर हलवल्या, आणि मगच मॉड काढले. ३१ जीबी मोकळे झाले. ‘आधार’ प्रोफाइल तयार आहे. पहिल्या प्रयत्नात मीही यादी सरळ करायला गेले आणि सगळी टेक्स्चरे एकमेकांवर उलटी चढली, पण बॅकअप असल्यामुळे दोन क्लिकमध्ये पूर्ववत झाले. जुना सेव्ह यांनी सांगितल्याप्रमाणे ‘धाकटा’ आता वेगळ्या पोर्टेबल प्रतीत आहे. तिने ९६ जीबी घेतले, म्हणून ‘चित्रे’ मधली काही टेक्स्चरे ४के वरून २के वर आणावी लागली. माझ्या पडद्यावर तरी फरक दिसत नाही.

इन्स्टॉलरमधले पर्याय आता प्रत्येक मॉडच्या नोट्सच्या रकान्यात लिहून ठेवते आहे. ज्या दोन मॉडचे पर्याय आठवत नव्हते, त्यांतल्या एकाचा उलगडा काल भावाने फोनवर केला. दुसऱ्याच्या नोंदीत सध्या एवढेच लिहिले आहे : मध्यम टेक्स्चर, बाजाराचा पॅच बहुधा होता, मे महिन्यात धाकट्यासमोर उघडून पाहणे.