चेन दहा अंशांवर घासा, मग मशीन बघा
भाऊ, निंबाचा ओंडका उभा फाडताना चेनसॉ अडतो, फळीवर लाटा उठतात म्हणालात. मशीनच्या आधी चेन बघा. दुकानातून येते ती आडवं कापायची, दात साधारण ३० अंशांवर. उभ्या कापाला तेच कानशीने १० अंशांवर आणा. मशीन मात्र ६०-७० सीसीच्या खाली नको.

पहिल्या कापाला मिलची चौकट (चेनसॉच्या बारला, म्हणजे चेन फिरते त्या पात्याला, लावायची) ओंडक्याच्या गोल पाठीवर टेकवू नका. वर सरळ शिडी ठोका, तिच्यावरून सरकवा. पहिला काप वाकडा गेला की पुढच्या सगळ्या फळ्या तशाच. बार हातभर आत गेला की मागे पाचर, नाहीतर लाकूड दाबून धरतं.

आणि बांधावरचं झाड असेल तर तार शोधा! चोपडा गावी आमच्या बाभळीत निळा-काळा डाग दिसला, मी दुर्लक्ष केलं, पुढच्या वितीत कुंपणाची जुनी तार. चेन गेली.

दर कापाला आठ-नऊ मिलिमीटर भुसा होतो, म्हणून पातळ फळ्यांसाठी आरागिरणीच बरी. फळ्यांच्या टोकांना लगेच ऑइलपेंट फासा, मधे पट्ट्या घालून सावलीत रचा. आपल्या मे महिन्यात उघड्यावर ठेवल्या तर टोकं तडकलीच समजा.