'अहो, ते आमचं आहे!' – तुमचे अनुभव सांगा

खिडकीतली_शेवंती (धागाकर्ती)

आमच्या घरात भांडण चपलेवरून झालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये मॉडेल पोरं सरळसरळ कोल्हापुरी घालून चालली आणि कंपनीने नाव दिलं 'लेदर सँडल'. कोल्हापूरचा उल्लेखसुद्धा नाही. बाबा संतापले. "आपली चप्पल चोरली!" महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र पाठवल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केलं, तरी बाबांचा पारा उतरेना. तेव्हा माझी लेक (वय १६, तोंड वय ४०) म्हणाली, "आपली म्हणजे कुणाची, आजोबा? आपल्या घरात कोणी शिवलीये?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तर तुमचं काही कोणी उचललं, तुम्ही कोणाचं उचललंत, एखादा शब्द जिभेवरून परत गिळावा लागला, असं काही घडलं असेल तर लिहा. मतं नकोत, ती पेपरात रोज येतात.

रापी_आरी

धाग्याचं नाव वाचून आलो. मी त्या चपलेच्या घरातला. आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण दहावीपर्यंत सुट्टीत वडिलांजवळ बसून वेण्या घातल्यात. पट्ट्यावरची ती बारीक वेणी बहुतेक घरांत बाया घालतात. आमची आई घालायची, बोटांच्या पेरांना कायम चिरा. तळाला म्हशीचं कातडं. ते कमवायचं म्हणजे त्याची पिशवी शिवून टांगायची आणि आत बाभळीच्या सालीचं न् हिरड्याचं पाणी भरायचं. तो वास अंगाला असा बसतो की शाळेत माझ्या बाकावर तिसरा मुलगा कधी बसला नाही. चपलेत खिळा नाही, सगळी शिलाई कातड्याच्याच वादीची.

प्राडाचं गाजलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'आपली कोल्हापुरी, आपला अभिमान' सुरू झालं. सगळ्यात जास्त मेसेज ज्या काकांचे होते, त्यांनी मी फ्लॅट बघायला गेलो तेव्हा आडनाव विचारलं होतं. आडनावावरून कळेना म्हणून गाव विचारलं. गावावरूनही कळेना म्हणून 'वडील काय करतात' विचारलं. मी 'चपलांचा व्यवसाय' म्हटलं. "दुकान का?" "नाही, शिवतात." त्यानंतर त्यांनी पार्किंगचा विषय काढला.

मला प्राडाचा राग आलाच नाही असं नाही. पण त्या आठवड्यात मला जास्त राग 'आपली' या शब्दाचा आला.

तिसरी_घंटा

रापी_आरी, वाचून गप्प झाले. माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे, म्हणजे चूक माझी.

मी प्राथमिक शिक्षिका. गॅदरिंगला 'आदिवासी नृत्य' ठरलेलं असतंच. पद्धतही ठरलेली : मुलांच्या अंगाला तपकिरी पोस्टर कलर, गालांवर पांढरे ठिपके, कमरेला अशोकाची पानं, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि स्पीकरवर कुठलंतरी झिंगालाला. मी सात वर्षं हेच बसवलं, दोनदा बक्षीसही घेतलं.

आठव्या वर्षी तालमीच्या वेळी एक पालक दाराशी उभे होते. जव्हारकडचे, सरकारी कचेरीत कारकून. तालीम संपेपर्यंत थांबले आणि मग अगदी हळू म्हणाले, "मॅडम, आमच्यात भाले घेऊन नाही नाचत. तारपा असतो. आणि तोंडाला काळं आम्ही नाही फासत."

तोंडाला काळं फासणं. मराठीत याचा अर्थ काय होतो हे मी पाचवीला शिकवते!

मी आधी बचाव केला, मुलांना मजा येते वगैरे. ते वाद घालायला आलेच नव्हते. पुढच्या वर्षी मीच त्यांना बोलावलं. त्यांनी एका भाच्याला आणलं, त्याने तारपा आणला. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा. मुलांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून वाजवणाऱ्याभोवती फिरायचं, त्याच्याकडे पाठ करायची नाही, सूर बदलला की पाऊल बदलायचं. सोपं वाटतं. आमच्या मुलांना ते पाऊल यायला तीन आठवडे लागले. बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, "जरा संथ वाटलं."

डच_पाऊस

तिसरी_घंटा, तुमच्यामुळे लिहायचं धाडस होतंय. आम्ही नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला. इकडे ५ डिसेंबरला सिंटरक्लासचा सण असतो, म्हातारा संत पोरांना भेटी वाटतो. त्याचा मदतनीस 'झ्वार्ते पीट' म्हणजे काळा पीट : गोरी माणसं तोंड काळं करून, ओठ लाल करून, कुरळा टोप घालायची. त्यावर इथे वर्षानुवर्षं भांडणं झाली, मोर्चे निघाले. २०१९ पासून टीव्हीवरच्या राष्ट्रीय मिरवणुकीत फक्त काजळीचे फराटे ओढलेले पीट असतात. कारण काय, तर तो धुराड्यातून उतरतो!

मुलगा बालवाडीत असताना एकदा पूर्ण काळा होऊन घरी आला. मला हसू आलं, मी फोटो काढून नागपूरला पाठवला. आमचे शेजारी मूळचे सुरिनामचे, आफ्रिकी वंशाचे आजोबा. ते जिन्यात भेटले, मुलाला बघून थांबले, खिशातला रुमाल काढला आणि परत ठेवला. काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना पुसायचं होतं.

रात्री आठवलं, चौथीत मी नाटकात राक्षस होतो. आईने तव्याची काजळी फासली होती. सगळ्यात सावळा म्हणून बाईंनी राक्षस मलाच दिला होता.

खडूस_आजोबा_नव्हे

मला या सगळ्याचा कंटाळा आलाय हे आधीच सांगतो. बटाटा, मिरची, शेंगदाणा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, सगळं अमेरिका खंडांतून आलं, बरंचसं पोर्तुगिजांच्या जहाजातून. आपण त्याची उपासाची खिचडी केली आणि देवाला दाखवली. पेरू देशातून कोणी येऊन दावा लावला का? देवाणघेवाण झाली नसती तर एकादशीला काय खाल्लं असतंत?

आता अनुभव. ऑफिसात मी बोलता बोलता 'अपंग' म्हणालो. एचआरने नंतर बाजूला घेऊन सांगितलं, 'दिव्यांग' म्हणा. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तो शब्द सुचवला तेव्हापासून तोच सरकारी झालाय. माझ्या धाकट्या भावाला पोलिओ आहे. त्याला विचारलं, तुला काय म्हणू? तो म्हणाला, "लहानपणी लंगड्या म्हणायचे तेव्हा तू एकाचा दात पाडलास, ते बरं होतं. आता दिव्यांग म्हणतात, पण एसटीची पायरी तेवढीच उंच आहे. दिव्य असतं तर उडून गेलो नसतो?"

तेव्हा शब्द बदलून काय होतं ते मला सांगू नका.

रापी_आरी

@खडूस : भावाचं वाक्य जपून ठेवतो. खिचडीचं पटलं नाही. बटाट्याला दारात उभं करून कोणी गाव विचारलं नाही.

खडूस_आजोबा_नव्हे

…बरं.

पाटी_कोरी

शब्दांवरून. आमचं गाव मराठवाड्यात. जातीची नावं असलेल्या वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तुम्ही वाचलं असेल. आमच्या वस्तीची पाटी त्यानंतर बदलली. निळ्यावर पांढरी अक्षरं, छान झाली. पण जीपवाला अजून जुनंच नाव ओरडतो. त्याच्या मनात वाईट नाही, त्याला तेवढंच माहीत. गंमत म्हणजे माझी आजीही जुनंच म्हणते. मी टोकलं तर म्हणाली, "नाव बदललं, पाण्याची टाकी कुठंय?" टाकी वरच्या गल्लीत आहे.

पण खडूस, माझी मुलगी तिच्या वहीवर पत्ता लिहिते तेव्हा नवीन नाव लिहिते. मी तिच्या वयाचा असताना पत्त्यात फक्त गाव लिहायचो, वस्ती गाळून. एवढा फरक शब्दाने पडला.

जर्सीची_मावशी

मी १९८४ ला अमेरिकेत, जर्सी सिटीत आले. हल्ली इथली मुलं म्हणतात गोऱ्या बायकांनी टिकली लावणं म्हणजे कल्चरल अप्रोप्रिएशन, दुसऱ्यांची संस्कृती परस्पर उचलणं. इकडच्या बायकांना ते फार वाटतं, भारतातल्या बहिणींना हसू येतं. दोघींनाही मी एकच गोष्ट सांगते.

१९८७ च्या उन्हाळ्यात इथल्या पेपरात एक पत्र छापून आलं. लिहिणारे स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवत होते. डॉट म्हणजे आपलं कुंकू. भारतीयांना इथून हुसकून लावू, असं उघड लिहिलेलं. सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकेनला नवरोज मोदी या पारशी तरुणाला टोळक्याने मारलं, त्यात तो गेला. त्या बिचाऱ्याच्या कपाळावर तर कुंकूही नव्हतं.

मी तेव्हा न्यूयॉर्कला नोकरी करायचे. घरातून निघताना टिकली काढून पर्समधल्या आरशाच्या मागे चिकटवायची, संध्याकाळी दाराला कडी लावली की परत कपाळावर. डिंक गेला की नवी. आईला पत्रात हे कधी लिहिलं नाही. दहाएक वर्षांनी गोऱ्या पॉपगायिका टिक्या लावून टीव्हीवर दिसू लागल्या आणि मॉलमध्ये पाकिटं आली, 'बॉडी ज्वेलरी' म्हणून. माझ्याच लेकीने एक आणलं. मी ते हातात घेऊन उभी राहिले. राग नाही हो आला. आधी त्या आरशाची पाठ आठवली, ठिपक्या-ठिपक्यांची.

हळद_पावडर

अवांतर, पण इथे नाही सांगायचं तर कुठे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरने (सरकारी विज्ञान संशोधन परिषद), डॉ. माशेलकर तिचे प्रमुख असताना, ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. पुराव्यात जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय शोधनिबंध होता. नुसतं 'आमच्या आजीला माहीत होतं' म्हणून भागत नाही, छापील लागतं! मी तेव्हा फार्मसीला होते, आमच्या सरांनी तास सोडून पेढे वाटले. पेटंटवर संशोधक म्हणून ज्यांची नावं होती ते दोघेही मूळ भारतीय वंशाचे, हे मात्र सरांनी सांगितलं नव्हतं.

काडी_आणि_तांदूळ

मी ठाण्यात वारली चित्रांचे क्लास घेते, १२ वर्षं झाली. शिव्या खायच्या तयारीने लिहितेय. कोस्टर, कुर्ती, पायपुसणं, सगळ्यावर काढलंय. एकदा विद्यार्थिनींना घेऊन डहाणूकडे गेले. एका म्हातारीला माझं काम दाखवलं. तिने कौतुक केलं, मग बोट ठेवलं. "हा लग्नाचा चौक. यात देवी कुठंय?"

लग्नात भिंतीवर सवाष्णी चौक लिहितात, आत पालघट देवी असते. मला चौकट सुंदर वाटली म्हणून मी तेवढीच घेतली होती, मधे ग्राहकाचं आडनाव. आणि ते होतं पायपुसण्यावर.

क्लास बंद केले नाहीत, पोट आहे. चौक काढणं बंद केलं. वर्षातून दोनदा तिकडच्या कलाकारांना शिकवायला बोलावते, त्या दिवसाची फी पूर्ण त्यांची.

कडवट_कॉफी

@काडी : दोन दिवस त्यांचे, बाकी वर्ष तुमचं. वारली चित्रकलेला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे वस्तू त्याच भागाची असा सरकारी शिक्का) मिळून किती वर्षं झाली, दुकानात बघा किती माल तिकडचा असतो.

काडी_आणि_तांदूळ

मान्य. अजून उत्तर नाही माझ्याकडे.

राहुटी

माझ्या आईचा जन्म फडावरचा. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या पडतात, गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, तिथे माझं बालपण गेलं. आता बँकेत आहे. मराठी भाषा दिनाला ऑफिसच्या मुली शिवलेली नऊवारी घालून लावणी करतात, दीड किलोचे घुंगरू बांधून. मला दरवर्षी विचारतात, "तू का नाही गं करत? तुला जमेल." मी लाजते असं त्यांना वाटतं. घरचं मी कोणाला सांगितलेलं नाही, इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितेय.

आईला व्हिडिओ दाखवला. मला वाटलं चिडेल. तिने चष्मा लावून पूर्ण बघितला. म्हणाली, "पोरी छान नाचतात, घुंगरू नुसते वाजतात, बोलत नाहीत. नाचू दे की. फक्त सुपारी आम्हालाही द्या म्हणावं."

खिडकीतली_शेवंती (धागाकर्ती)

धागा बाबांना वाचून दाखवला. चष्मा पुसत बसले होते. मग त्यांनी सांगितलं की प्राडाने २०२५ च्या डिसेंबरमध्ये लिडकॉम (महाराष्ट्राचं चर्मोद्योग महामंडळ) आणि कर्नाटकच्या तशाच लिडकरशी करार केला, २००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, साधारण ८०० युरोला एक. (जीआय २०१९ चा, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून, हे मलाही माहीत नव्हतं. 'आपली' म्हणताना बेळगाव-धारवाड विसरलेच होते.) त्या ८०० तल्या शिवणाऱ्याच्या हातात किती, असं लेकीने विचारलं. यावेळी टीव्ही बंद होता.

रापी_आरी, बाबा विचारतायत, तुमच्या वडिलांकडून जोड मिळेल का? ९ नंबर.

रापी_आरी

वडिलांचे गुडघे गेले, बैठं काम सुटलं. काका करतात अजून. नंबर नको, कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आकार काढून पाठवा, दोन्ही पायांचा. सहा आठवडे लागतील. आणि आधीच सांगून ठेवतो, पावसात घालायची नाही, नंतर तक्रार चालणार नाही.