बडोदा: लक्ष्मीविलास राजवाडा आणि रविवर्म्यांची मूळ चित्रे एका दिवसात कशी पाहावीत?

नमस्कार. डिसेंबरमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन नाशिकहून बडोद्याला जाण्याचा विचार आहे. मुक्काम एका रात्रीचा आणि हाताशी पूर्ण दिवस एकच असल्यामुळे, तिथल्या मराठी मंडळींकडून किंवा नुकतेच जाऊन आलेल्यांकडून थोडे मार्गदर्शन हवे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आईच्या माहेरी माजघरात रविवर्म्यांच्या 'अर्जुन-सुभद्रा' या चित्राची छापील प्रत टांगलेली होती. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे मळवलीला हलवलेला छापखाना अशा प्रती घरोघर पोहोचवत असे. त्या काळच्या रीतीप्रमाणे पणजीने सुभद्रेच्या पदरावर टिकल्या आणि जर चिकटवली होती. चित्र आता आमच्याकडे आहे. निम्म्या टिकल्या गळून गेल्या आहेत, त्यांच्या जागी डिंकाचे पिवळे ठिपके उरले आहेत आणि खालचा कोपरा ओलीने खाल्ला आहे. सयाजीराव महाराजांनी रविवर्म्यांकडून चौदा पौराणिक चित्रे करून घेतली, त्यांत हेही होते, असे वाचल्यापासून आईने टिकल्यांखालचा मूळ पदर पाहायचाच, असे मनावर घेतले आहे.

दहा वर्षांपूर्वी आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो, तेव्हा हा योग हुकला. राजवाडा पाऊण तासात उरकला. दरबार हॉलमधली व्हेनिसच्या कारागिरांनी घडवलेली मोझॅइकची जमीन आणि रंगीत काचांच्या खिडक्या पाहिल्या (जमीन अप्रतिम आहे, त्याबद्दल तक्रार नाही) आणि लगेच बसमध्ये बसलो. महाराजा फत्तेसिंग संग्रहालय त्याच आवारात, पण वेगळ्या इमारतीत आहे आणि रविवर्म्यांचा मोठा संग्रह तिथे आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. घरी आल्यावर ते कळले, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती.

म्हणून या वेळी सकाळी आधी संग्रहालय आणि मग झेपेल तेवढा राजवाडा, असा क्रम मनात आहे. तो योग्य आहे का? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे संग्रहालयात किती पायऱ्या चढाव्या लागतात, मध्ये टेकायला बाक आहेत का आणि राजवाड्यातल्या ध्वनिमार्गदर्शकात मराठी निवेदन मिळते का, हे कृपया सांगावे. दोन्हींना सोमवारी सुट्टी असते असे ऐकले आहे, म्हणून मंगळवार धरला आहे.

दुपारनंतर बळ उरले, तर कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रे किंवा रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, यांपैकी एकच पाहता येईल. मला स्वतःला वाड्याची ओढ आहे, कारण मराठी वाड्याच्या भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रे इतक्या संख्येने मी आणखी कुठे पाहिलेली नाहीत. मात्र तिथले जिने आईला चढवतील का, याची शंका वाटते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: 'अर्जुन-सुभद्रा' सध्या दालनात लावलेले आहे का, आणि त्याच्या किती जवळ जाता येते? दोरीमागून सुभद्रा दिसेल. आईला पदर पाहायचा आहे.