बी.एड.च्या आंतरवासितेबाबत संघटनेने निवेदनात नेमके काय मागावे?

प्रश्न (साहाय्यक प्राध्यापिका, अध्यापक महाविद्यालय)

सस्नेह नमस्कार. आमची अध्यापक महाविद्यालयांतील प्राध्यापकांची संघटना एनसीटीईला (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला) निवेदन देणार असून त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, सक्तीची केली. पहिल्या वर्षी चार आठवडे, दुसऱ्या वर्षी सोळा. २०२५ च्या मसुदा विनियमांत मात्र चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. पुन्हा प्रस्तावित झाले आहे. आमच्यातील काही सहकाऱ्यांना वाटते की, शाळाच मिळत नसल्याने आठवडे कमी करण्याची मागणी या निमित्ताने पुढे रेटावी. मला ते पटत नाही, पण अडचण खोटीही नाही. गेल्या वर्षी माझ्या एका छात्राध्यापकाने नववीच्या ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ या पाठाच्या टाचणात प्रयोगासाठी वीस मिनिटे धरली होती. वर्गशिक्षकांनी आधी स्वतःचा राहिलेला भाग संपवला, लिटमस कागदाची पुडी खिशातच राहिली आणि घंटा झाली. मागच्या बाकावर बसून निरीक्षणाच्या तक्त्यात काय भरावे, हे मला कळेना.

उत्तर १ (निवृत्त प्राचार्य)

मॅडम, आठवडे कमी करा असे कृपया लिहू नका. बी.एड. एक वर्षाचे होते तेव्हा छात्राध्यापक ‘पाठ लागला’ की शाळेत जात असे आणि पाठ झाला की परतत असे. समोरच्या मुलांची नावेही त्याला माहीत नसत. शिक्षक-प्रशिक्षणाचा आढावा घेणाऱ्या न्या. जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ मध्ये दीर्घ कालावधीचा आग्रह धरला, तो याच उणिवेवर बोट ठेवून.

खरी मेख वेगळीच आहे. आपली महाविद्यालये उच्च व तंत्रशिक्षण विभागाखाली आणि शाळा शालेय शिक्षण विभागाखाली, त्यामुळे आंतरवासितेचा विद्यार्थी दोन शेतांच्या मधल्या बांधावर उभा असतो आणि त्याला कोणीच आपला म्हणत नाही. एनसीटीई किमान निकष ठरवते, पण एखाद्या मुख्याध्यापकाने त्याला वर्ग द्यावा, असा आदेश ती काढू शकत नाही. तो राज्यानेच काढावा लागेल. म्हणून निवेदने दोन करा. परिषदेकडे आठवडे कायम ठेवण्याची मागणी करा आणि शालेय शिक्षण विभागाकडे मार्गदर्शक शिक्षकाला तासिकांत सवलत मागा.

उत्तर २ (मुख्याध्यापक, माध्यमिक शाळा)

प्राचार्यांशी सहमत आहे, फक्त आमची बाजूही त्यात यावी. ऐन सहामाहीच्या तोंडावर पंधरा छात्राध्यापक पत्र घेऊन दारात उभे राहतात, तेव्हा त्यांना ऑफ तासांवर पाठवण्यापलीकडे आमच्या हाती काही नसते. दहावीचा वर्ग द्यायला तर पालकच तयार नसतात. छात्राध्यापकांची यादी जूनमध्ये, शाळेचे वेळापत्रक बनण्यापूर्वी मिळाली, तर सातवी-आठवीचा एखादा विषय सत्रभर सोपवता येतो. मानधनाचे म्हणाल, तर ते नसले तरी चालेल. आठवड्याला दोन तासिका कमी झाल्या तर माझे शिक्षक स्वतःहून पुढे येतील.

उत्तर ३ (बी.एड. महाविद्यालयातील अध्यापक, तासिका तत्त्वावर)

थोडे कटू लिहितो, क्षमा असावी. आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती आणि वर्षाला शंभर विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेमागे सोळा पूर्णवेळ अध्यापक, हे निकषही २०१४ चेच आहेत. मी काम केलेल्या एका ठिकाणी आंतरवासितेच्या फाइलवर शाळेचा शिक्का आधी उमटायचा आणि पाठ नंतर लिहिले जायचे. अध्यापकांची पदेच भरलेली नसतील, तर सोळा आठवडे शाळाशाळांत जाऊन निरीक्षण करणार कोण? शाळांकडे बोट दाखवणाऱ्या निवेदनात आपल्या घराबद्दल एकही ओळ नसेल, तर वाचणारा अधिकारी ते पहिल्या पानावरच बाजूला ठेवील. पदभरतीची मागणी आणि उपस्थितीच्या त्रयस्थ तपासणीला आपली तयारी, या दोन्ही गोष्टी त्यात असाव्यात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. दोन स्वतंत्र निवेदने करते आणि जूनच्या यादीची सूचना शालेय शिक्षण विभागाच्या निवेदनात पहिलीच घेते. त्रयस्थ तपासणीचा मुद्दा समितीत मांडल्यावर वादंग होणार हे उघड आहे, तरी तो मसुद्यात ठेवूनच बैठकीला जाईन. मुख्याध्यापक सर, सत्रभर विषय सोपवण्याची आपली पद्धत अर्ध्या पानात लिहून दिलीत, तर ती सोबत जोडता येईल.