भिंग बदलतं, पडदा नाही

"मोतीबिंदू काढला की सगळ्यांनाच लख्ख दिसतं," असं कुणीतरी लिहिलंय. बहुतेकांना दिसतंही. पण ऑपरेशनमध्ये बदलतं ते भिंग. मागचा पडदा (रेटिना) आणि तिथून मेंदूकडे जाणारी नस जुनीच.

आमच्या आत्याचा उजवा डोळा पार पांढरा झाला होता. पडदा आणि नस शाबूत आहेत का हे बघायला नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी खोलीत अंधार केला, डावा डोळा तळहाताने झाकायला लावला आणि चहूबाजूंनी बॅटरी मारत विचारलं, "काकू, उजेड कुठून येतोय?" तिने सगळं बरोबर सांगितलं. मग बाहुली पाहिली. मोतीबिंदू कितीही पिकला तरी बाहुली उजेडाला आकसतेच. नीट आकसली नाही तर नस किंवा पडद्यावर संशय. आतलं दिसत नव्हतं म्हणून डोळ्याची सोनोग्राफीही झाली. (मोतीबिंदू कच्चा असला तर बारीक छिद्रातून तक्ता वाचायला लावतात. तेव्हा जास्त ओळी वाचल्या की आशा वाढते.)

आत्याला वीस वर्षांची शुगर, आणि शुगरने पडदा खराब होऊ शकतो. डॉक्टर आधीच म्हणाले, "दिसेल, पण सुईत दोरा ओवाल असं कबूल करत नाही."

झालंही तसंच. बर्डीवर बसची पाटी आत्या लांबून वाचते, पेपर मात्र माझ्याकडे सरकवते.